दोन्हीबरोबर काका

नागपूरच्या हुडकेश्वरात ईश्वरदास निमजे या नावानं घर शोधाल तर दिवस मावळेल. 'दोन्हीबरोबर काका' म्हणून विचारा, किराणावाला गल्ला सोडून वळणापर्यंत दाखवायला येईल. हे नाव काही कोणी लाडानं ठेवलेलं नाही. लोकांच्या भांडणात नाक खुपसून, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन कमावलेलं आहे.

शेजारच्या वैभवचं आणि रविंद्रचंच घ्या. दोघांच्या भिंतीमध्ये एक कडुनिंब. वैभवची नाली पानांनी तुंबायची, आणि रविंद्रच्या म्हाताऱ्या सासऱ्याला उन्हाळ्यात तेवढीच सावली. एक दिवस कुऱ्हाड निघाली. काका बनियनवरच धावले. दोघांचं ऐकून घेतलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "तुह्यंही बरोबर आहे, अन् याचंही बरोबर आहे. हीच तं ट्रॅजेडी आहे बापा! एक जण खोटा असता तं साधी पोलीस केस झाली असती."

"काका, तुम्ही कोणाकडून बोलून राहिले?" वैभवनं विचारलं.

"यायले काय कळते? घरी जा न गा!" रविंद्र ओरडला.

अर्ध्या मिनिटात दोन दुश्मनांची युती झाली आणि दोघं मिळून काकांवर घसरले. घरी आल्यावर बायको सुभद्रानं पाण्याचा गिलास पुढे आदळला. "झालं समाधान? दुनियेचे वाद मिटवता, अन् सख्ख्या भावाच्या घरी चार-चार महिने पाय ठेवत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!" काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता हे ब्रह्मज्ञान त्यांना मिळालं कुठून, ते सांगायला हवं. ईश्वरदास मूळचे सावनेरजवळच्या खाप्याचे, कोष्ट्याच्या घरचे. बाप धोंडबा मागावर, आई मैनाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला, अशी ती पिढ्यान्पिढ्यांची मांडणी. थोरला ईश्वरदास एकोणीस वर्षांचा होईतो चांगलं रेशीमकाठी लुगडं विणायला शिकला होता. पण हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, आणि नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथालयाला शिपाई पाहिजे होता. ईश्वरदास मागावरून उठला तो उठलाच. त्याच्या जागी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धाकटा चंद्रभान बसला. दादा पळून गेला, असं चंद्रभानला वाटायचं. मी बोलावत होतो तरी हा आला नाही, खाप्यातच मिरवत राहिला, असं ईश्वरदासला वाटायचं. चाळीस वर्षं दोघांनी हे तोंडावर बोलून दाखवलं नाही, आणि एकमेकांना क्षणभरही विसरू दिलं नाही.

कॉलेजात एम.ए. मराठीच्या वर्गात पुस्तकं पोचवायचं काम ईश्वरदासकडे होतं. तिथे माया मॅडम दर पावसाळ्यात ग्रीक शोकांतिका शिकवायच्या. पहिल्या वर्षी हा पुस्तकं टेबलावर ठेवून दोन मिनिटं दाराशी रेंगाळला. दुसऱ्या वर्षी दहा मिनिटं. पुढे पुढे तर तास संपेपर्यंत हलायचा नाही. अशी सव्वीस वर्षं! त्या वर्गातली पोरं पास होऊन मास्तर झाली, पण एवढ्या वेळा तेच तेच ऐकलेलं माणूस साऱ्या नागपुरात दुसरं नसेल.

माया मॅडम सांगायच्या, की त्या नाटकांमध्ये दुष्ट माणूस शोधू नका, सापडणार नाही. एक जण दिलेला शब्द पाळतो, दुसरा जीव वाचवायला बघतो. दोघंही खरे असतात आणि दोघंही ताठ असतात. आपलं खरेपण माणसाला इतकं लख्ख दिसतं की समोरच्याचं दिसेनासं होतं, आणि तिथेच घात होतो. माणूस त्याच्या दुर्गुणांनी बुडत नाही, गुणांनी बुडतो. आणि बाजूला गावातले शहाणे लोक उभे असतात, त्यांना कोरस म्हणायचं. ते दोघांनाही समजावतात, हळहळतात, आणि करत मात्र काही नाहीत.

ईश्वरदासला सगळ्यात जास्त आवडला तो हा कोरस. कळतं सगळं, लागत काहीच नाही! त्यानं मनातल्या मनात तिथे आपली नेमणूक करून घेतली. रिटायर झाल्यावर तर हुडकेश्वरचा पूर्ण वेळ कोरस झाला.

तीन वर्षांपूर्वी मैनाबाईच्या पोटात दुखायला लागलं. वय एक्याऐंशी. आधी ओवा झाला, मग हिंग झालं, मग सावनेरचा डॉक्टर झाला. शेवटी ईश्वरदास स्वतःच्या सेकंडहँड गाडीत घालून तिला धरमपेठेतल्या एका सर्जनकडे घेऊन आला. एका दिवसात नेतो आणि आणतो, मुक्काम नाही, अशा बोलीवर ती आली होती. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आतड्यात गाठ आहे, अजून पसरलेली नाही. तीन आठवड्यांच्या आत काढली तर आजी ठणठणीत होतील. नाही काढली तर आतडं बंद होईल, आणि मग हाल हाल होतील.

ईश्वरदासनं तिथल्या तिथे तारीख घेतली. पण दवाखान्यात भरती व्हायचं म्हटल्यावर मैनाबाई गाडीत जी गप्प झाली ती खाप्याला उतरेपर्यंत. उंबऱ्यावर पाय ठेवून म्हणाली, "मागावर ताणा चढला आहे. तो उतरू दे, मंग येईन."

निमज्यांच्या घरची ही जुनी रीत. मागावर ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, चढलेला असताना घरच्या मोठ्या बाईनं बाहेर मुक्काम करायचा नाही. कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण मैनाबाईनं पासष्ट वर्षं पाळलेलं. ईश्वरदासनं मागाकडे एक नजर टाकली. दीड लुगड्याचं काम उरलं होतं, फार तर आठ दिवसांचं. आठ दिवस म्हणजे काहीच नाही. तो खुशीत घरी परतला आणि सुभद्राला म्हणाला, "मानली माय!"

अहो, मानली कसली! कोष्ट्याच्या पोटी जन्मला, एकोणीस वर्षं त्या मागाच्या आवाजात झोपला, आणि हीच गोष्ट विसरला. माग कधी रिकामा होतच नसतो. जुना ताणा सरत आला की त्याची टोकं मागाच्या फणीतून बाहेर जाऊ देत नाहीत. त्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून सांधतात, अडीच-तीन हजार धागे, आणि नवा ताणा जुन्याच्या मागोमाग चढतो. दुसऱ्या जातीच्या माणसाची चूक झाली असती तर समजून घेतलं असतं. चाळीस वर्षं पुस्तकांची धूळ झटकणाऱ्या या कोष्ट्याला मात्र वाटलं, ताणा म्हणजे टीव्हीची मालिका, संपली की संपली.

भरती व्हायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, तो खाप्याला गेला. मागावर नवाकोरा ताणा चढलेला. सांधणी नुकतीच झालेली. चंद्रभान खड्ड्यात बसून धोटा इकडून तिकडे मारत होता, आणि मैनाबाई पोटाशी उशी धरून चरख्यावर कांडी भरत होती.

"हे काय आहे?" ईश्वरदासनं विचारलं.

"ताणा आहे. विसरला का?" चंद्रभाननं मान वर केली नाही.

"माय म्हणाली होती, ताणा उतरला का येईन."

"मंग? उतरला का?"

"तू तिले मारून राहिला, चंद्रभान!"

आता धोटा थांबला. "मी मारून राहिलो? बाबा गेल्यापासून बावीस वर्सं झाले, तिचं जेवण-पाणी, तिचा दमा, तिची खाट, सारं माह्या घरात आहे. तू पाहुणा आहेस दादा. पाहुण्यानं चहा प्यावा अन् जावं."

"तिच्या पोटात गाठ आहे!"

"अन् माह्या तोंडातून वचन गेलं आहे. दवाखान्यात मरू देणार नाही म्हणून या मागावर हात ठेवून सांगितलं मी तिले. बाबाले तू नेलं होतंस नागपूरले. चालत गेलते बाबा. आणलं कसं, आठवते का? चादरीत गुंडाळून."

हे खरं होतं. धोंडबा अकराव्या दिवशी त्या दवाखान्यात वारला तेव्हा मैनाबाई खाली फाटकापाशी बसली होती. तिला वर सोडलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं राहिलं, ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. ईश्वरदासला हे ठाऊक होतं. पण बापाला वाचवायलाच नेलं होतं ना त्यानं? मारायला नेलं होतं का? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "तेव्हाचे डॉक्टर वेगळे, आताचे वेगळे! तुले काय कळते? खड्ड्यात बसून दुनिया दिसते का?"

"नाही दिसत. खड्ड्यात माय दिसते. तुले तेवढीही दिसत नाही."

मैनाबाईनं चरखा थांबवला. "दोघंही चूप बसा. गाठ माही, पोट माहं, अन् वचन मलेच देल्लं आहे. नव्या ताण्याचा एकेक धागा मी याच्या हाती दिला. मले जायचं नाही, ईश्वर. आता जा तू."

परतीच्या वाटेवर त्यानं गाडी धरमपेठेत वळवली. माया मॅडम रिटायर होऊन तिथेच राहत होत्या. चहा यायच्या आत त्यानं सगळं ओकून टाकलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "ईश्वरदास, मी काय सांगू? तुमच्या भावाचंही बरोबर आहे."

हेच वाक्य त्यानं उभ्या हुडकेश्वराला ऐकवलं होतं. स्वतःच्या कानावर पडलं तेव्हा त्याला कळलं, वैभव आणि रविंद्र का चवताळले होते ते. थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"बरोबर आहे, बरोबर आहे! मंग करायचं काय, ते सांगा न मॅडम!"

"नाटकात ते कोणी विचारत नाही. तिथे माणसं करतात, आणि मग भोगतात."

"सव्वीस वर्सं शिकवलं तुम्ही, अन् उपाय नाही सांगितला? मंग कायले शिकवलं?" त्यानं चहाचा कप तसाच ठेवला आणि चपला घातल्या.  

सोमवारी दुपारी ईश्वरदास पुन्हा खाप्याला पोचला. चंद्रभान सूत आणायला गेला होता. त्याची बायको रुखमाबाई मागच्या अंगणात कपडे धूत होती. मैनाबाई खाटेवर कण्हत पडली होती, दुखण्यानं थकून डोळा लागलेला. घामानं कपाळावरचे पांढरे केस चिकटले होते. ईश्वरदास तिच्याकडे बघत किती तरी वेळ उभा राहिला. ती मरणार होती, आणि तिला तो मरू देणार नव्हता. एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मागाच्या खुंटीला कातर टांगलेली होती. ती त्यानं काढली.

कोष्ट्याच्या घरात भाऊ भावाला मारतो, बाप पोराला घराबाहेर काढतो, पण मागावरचा ताणा कोणी कापत नाही. ईश्वरदासनं कापला. तीन हजार धागे कराकरा कापत कातर या काठापासून त्या काठापर्यंत गेली. तेवढ्यावर थांबला असता तरी चंद्रभाननं तुटकी टोकं एकट्यानं पुन्हा सांधली असती, दोन दिवसांत माग चालू झाला असता. हे मात्र याला बरोबर आठवलं! म्हणून त्यानं मुठी-मुठीनं धागे धरून फणीतून ओढून काढले, मागच्या वह्यांमधूनही, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटींमधूनही, ओढून काढले. माग पार उघडा पडला. आता नव्यानं सुरू करायचं म्हणजे एकानं मागून एकेक धागा द्यायचा आणि दुसऱ्यानं पुढून घ्यायचा, असं तीन-चार दिवसांचं काम. आणि त्या घरात धागा द्यायला शिकलेलं माणूस एकच होतं. ते खाटेवर होतं.

चंद्रभान दारात आला. हातातली सुताची पेंडी खाली पडली. तो अंगावर धावून येईल, मारेल, असं ईश्वरदासला वाटलं. खरं म्हणजे मारलं असतं तर बरं झालं असतं. चंद्रभान गेला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. रिकाम्या फणीवरून हात फिरवत राहिला. रुखमाबाई धावत आली आणि तोंडावर पदर धरून जागीच थांबली.

आवाजानं मैनाबाई जागी झाली. भिंत धरत धरत आली. मागाकडे बघितलं, जमिनीवरच्या धाग्यांकडे बघितलं, थोरल्या लेकाच्या हातातल्या कातरीकडे बघितलं. ताणा उतरला की येईन, असा शब्द तिनं दिला होता. ताणा उतरला होता.

"चाल," ती म्हणाली. "गाडी काढ."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टरांनी ईश्वरदासची पाठ थोपटली. बरी होईपर्यंत मैनाबाई तीन आठवडे हुडकेश्वरात राहिली. सुभद्राशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, दारात येणाऱ्या भाजीवाल्याशी वांग्यांवरून हुज्जत घालायची. ईश्वरदास खोलीत आला की भिंतीकडे तोंड करायची. त्यानं हातानं भरवायला घेतलं तर ओठ मिटून घ्यायची. एकदा तो खाटेशी बसून हात जोडून रडला. "माय, शिव्या दे, मार, पण बोल न वं!" मैनाबाई सुभद्राला म्हणाली, "सूनबाई, मले खाप्याले पोचवून दे."

खाप्याला गेल्यावर चंद्रभाननं आईला विचारलं, ताणा भरायला घ्यायचा का. हातात ताकद आली होती, नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत होती. मैनाबाई म्हणाली, "घरच्याच हातानं कापलेल्या मागावर मी धागा देणार नाही." चंद्रभाननं पाया पडून बघितलं, रुखमाबाईनं विनवून बघितलं. नाही म्हणजे नाही. ईश्वरदासचा ताठा काही आकाशातून पडला नव्हता. पावसाळाभर माग तसाच राहिला. मग चंद्रभान सावनेरच्या एका गोदामावर चौकीदार म्हणून लागला. निळा गणवेश, शिटी, बारा तास उभं राहायचं.

ईश्वरदास भेटायला गेला तेव्हा चंद्रभाननं त्याला दारातच अडवलं. आवाज चढवला नाही. "दादा, माय वाचली, ते तुह्यं. माग मेला, तेही तुह्यंच. एक ठेवून दुसरं नेता येत नाही. दोन्ही घेऊन जा." आणि शिटी गळ्यात अडकवून ड्यूटीवर निघून गेला.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मैनाबाईला तपासणीला न्यायचं काम ईश्वरदासकडेच आहे. ती नाही म्हणत नाही. ठरल्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली असते. गाडीचं मागचं दार उघडते, बसते, आणि खिडकीबाहेर बघत राहते. हुडकेश्वरात आता कुठे भांडण पेटलं तर काका खिडकी लावून घेतात. कोणी हाक मारली तरी बाहेर येत नाहीत.

परवाच्या तपासणीला जुने सर्जन सुट्टीवर होते, नवीन तरुण डॉक्टर होता. रिपोर्ट बघून खूश झाला. "वा आजी! एकदम क्लीन! ज्यानं वेळेवर आणलं त्याला मानलं पाहिजे. हे कोण तुमचे, मुलगा का?"

मैनाबाईनं ईश्वरदासकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "गाडीवाला आहे. घेऊन येते, सोडून देते."

"अच्छा. मग भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा."

ईश्वरदास बाहेर थांबला. बाकावर बसला.  दाराच्या फटीतून डॉक्टरचा आवाज येत होता, "आजी, अजून दहा वर्षं तुम्हाला काही होत नाही, लिहून देतो!" ते ऐकून ईश्वरदासला आनंद झाला. खरोखरचा, पोटातून आनंद झाला. आणि लगेच मनानं दहा वर्षांच्या वीस तपासण्या मोजल्या, वीस वेळा जायचं-यायचं, आणि मागच्या सीटवर ती खिडकीबाहेर बघणार.

परतताना कोराडी मागे पडलं. पाटणसावंगीच्या अलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंग घट्ट धरून, मागे न बघता म्हणाला, "माय, काय समजायचं ते समज. पण आज पुन्हा तशी वेळ आली न, तं मी पुन्हा कापीन."

 ईश्वरदासचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"अन् मी पुन्हा बोलणार नाही," मैनाबाई म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली.